एका अंगाने झिजलेली चाकं

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावाने, काशीदादाने, रद्दीतल्या मासिकातला फोटो बघून स्केटबोर्ड बनवायला घेतला. घाटकोपरच्या आमच्या चाळीत स्केटिंग करणारी मी एकटीच, म्हणून विचारायला तो माझ्याकडेच यायचा.

प्लायवूडचे पातळ थर आम्ही दोघांनी चिकटवले, टोकांखाली विटा ठेवल्या आणि फळीला बाक यावा म्हणून मधोमध आईचा पाटा. चाकांसाठी त्याने कुर्ल्याच्या भंगारातून एक जुना स्केट आणला होता म्हणे.

"स्क्रू निघत नाहीत गं."

"रॉकेल सोड आणि थोडा वेळ थांब," मी म्हटलं. पुढची चाकं फळीच्या एका टोकाला आणि मागची दुसऱ्या टोकाला लाव, हेही मीच सांगितलं.

बोर्ड तयार झाल्यावर तो म्हणाला, "प्रेमा, सरळ जातच नाही. बघ ना जरा."

मी गॅलरीत त्यावर उभी राहिले. थोडं पुढे जाऊन बोर्ड भिंतीकडे वळला. उलटा करून पाहिला, तर चाकं आतल्या अंगाने झिजलेली. थांबताना डावा पाय असाच आतल्या अंगाने घासायची सवय माझी. त्यावरून रिंकवर स्केटिंगचे सर रोज ओरडायचे.

मी माळ्यावरची पेटी खाली काढली. दिवाळीनंतरच्या स्पर्धेसाठी पुसून ठेवलेला उजवा स्केट जागेवर होता. डाव्याचा नुसता बूट होता, नाडी नीट बांधलेली.

"एकच घेतला गं," दादा म्हणाला. "दुसरा ठेवलाय ना तुला."