टेकडीवरची रोपं

"बेतानं वत. पुन्यांदा खाली जायला पायात जीव नाय राहिला," बानाबाई म्हणाली.

कडूबानं हंडा तिरपा करून कडुनिंबाच्या रोपाच्या बुडाशी पाणी सोडलं. पावसानं दडी मारली होती. पिशोरजवळच्या या सरकारी टेकडीवर नवरा-बायको महिनाभर ऊर फुटेस्तोवर पाणी वाहत होते. कारण त्यांची मेंढरं पायथ्याच्या कोंडवाड्यात अडकली होती. कुंपण मोडकं निघालं, कळप नव्या लागवडीत शिरला आणि कोपऱ्यातली रोपं फस्त झाली.

कडूबा गयावया करायला वनखात्याच्या संभाजीनगरच्या ऑफिसात गेला, तेव्हा साहेबांनी बजावलं, "तपासणी होईपर्यंत आणखी एक जरी रोप वाळलं, तर मेंढरं विसरायची."

कोंडवाड्यात धड चारा नव्हता. एक गाभण मेंढी मेली होती. तिच्या गळ्यातली घंटी बानाबाईनं पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती. रडायला सवड कुणाला होती?

चौकीदार पुंडलिक फाटकापाशी लागवडीच्या पाटीवरचं साल खोडून नवं रंगवत होता. पाटी जुनीच होती आणि खड्डेही जुनेच.

"लई जीव लावू नका, वहिनी," तो म्हणाला. "दरसाली लावतो आपण इथं. जगलंय का एखादं?"

"आमच्या हातचं जगंल," बानाबाई म्हणाली. तिला आता त्या रोपांचीही माया लागली होती.

आणि रोपं खरंच जगली. तपासणीची समिती आली, फोटो काढले, नाश्ता केला, हिरवी टेकडी बघून साहेबांची पाठ थोपटली आणि गाड्यांत बसून निघून गेली.

साहेब मात्र मागं राहिले. खालून मेंढरांचं ओरडणं ऐकू येत होतं. रोज येणारं, पण आज फारच क्षीण.

कडूबा हात जोडून पुढं झाला. "साहेब, एकबी वाळू दिलं नाय. आता आमची लेकरं सोडा. भुकेनं मरतील हो."

साहेबांनी टेकडीवरून नजर फिरवली. चेहऱ्यावर कसलाच आनंद नव्हता.

"सगळीच जगली?" त्यांनी पुंडलिकला विचारलं.

"व्हय साहेब. दोघांनी लई मेहनत घेतली."

"मग पुढच्या वर्षीची लागवड कुठं दाखवायची? मंजुरी येऊन पडलीय."

पुंडलिकनं फाटकापाशी लावलेल्या पाटीकडं पाहिलं.

साहेबांनी जरा विचार केला. "यांची मेंढरं सोड."

बानाबाईला हुंदका आवरेना. कडूबा पाया पडायला वाकला.

"फाटक उघड आणि इथं आत सोड," साहेब गाडीत बसता बसता म्हणाले. "सकाळी टेकडीवर एक पान दिसता कामा नये."