ळ

"प्रश्नचिन्हजी कौन हैं?" नर्स तेजस्विनीनं पर्ची वाचून हाक मारली आणि दवाखान्यात हशा पिकला. पण उठले दोघं, आणि दोघांच्या हातात सारख्याच पर्च्या: ??????? ??????. एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला जायला क्षणाचाच अवकाश होता.

मुक्ताला हसू आलं नाही. हिंदी मुलखातल्या नानाखेड्याच्या या दवाखान्याचा प्रोग्राम तिनंच लिहिला होता. आजचा त्याचा पहिलाच दिवस.

"नावं इंग्रजीत टाक आणि मोकळी हो," फोनवर तिचा साहेब विक्रांत म्हणाला.

"इथल्या निम्म्या लोकांना इंग्रजी वाचता येत नाही, सर." तिनं फोन ठेवला.

चूक सापडली. पेशंटची माहिती अक्षरांत उतरवणाऱ्या कोडमध्ये जुनं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची जुनी पद्धत, राहून गेलं होतं. त्याला फक्त इंग्रजी अक्षरं ठाऊक. देवनागरी दिसली की ते प्रत्येक खुणेला प्रश्नचिन्ह ठोकून द्यायचं. तिनं तिथं सगळ्या लिप्या ओळखणारं यूटीएफ-८ घातलं. एका ओळीचं काम. पण सकाळपासून साठवलेली नावं गेली ती गेलीच. प्रश्नचिन्हातून अक्षर परत काढता येत नाही.

मग ती स्वतःच काउंटरवर बसली. एकेकाला हात जोडून नाव पुन्हा विचारू लागली.

"प्रभाकर पलसुले," मघा उठलेल्या दोघांपैकी म्हातारे गृहस्थ म्हणाले. "ल लड़के का."

मुक्ताची बोटं थांबली. "काका, पळसुले ना?"

ते तिच्याकडे बघतच राहिले. "तू मराठी?"

"हो. माधव नगरला राहते."

"अगं, शाळेच्या दाखल्यापासून 'ल'च चालत आलाय. नोकरीतही तोच. आधी सांगून पाहायचो, मग सोडून दिलं. इथं 'ळ' कोण लिहितंय?"

"कीबोर्डवर आहे, काका."

तिनं कळ दाबली. पर्ची बाहेर आली. प्रभाकररावांनी चष्मा पुसला, पर्ची डोळ्यांजवळ धरली आणि नाव हळूच, स्वतःशीच वाचलं.

"पलसुलेजी, आइए," तेजस्विनीनं आतल्या स्क्रीनवर नाव वाचून हाक दिली. तिच्या तोंडी तो 'ल'च झाला होता.

ते उठले नाहीत. पर्चीची नीट घडी करून त्यांनी ती खिशात घातली.

"बेटा, आतल्यासाठी दुसरी काढून दे," ते म्हणाले. "ही मी घरी नेतो."