ठमीचं अंडं

औषध कोंबडीने खायचं आणि तिचं अंडं माणसाने, अशी रक्तदाबाची सोय आता घरोघर झाली होती. पेंडसेकाकांकडे ठमी होती. तिला तपासायला दवाखान्यातली रेवती यायची; एरवी काकांचं दार कुणी वाजवत नसे.

रेवतीने अंडं यंत्राखाली धरलं. “काका, ठमी म्हातारी झाली. औषध तिच्या अंगात शोषलंच जात नाही, मग अंड्यात काय उतरणार? नवी देते. उगाच तुमच्या जिवावर बेतेल.”

“नवीला तपासायला कधी येशील?”

“तरुण कोंबडीला दोन वर्षं बघावं लागत नाही.”

“आणि हिला?”

“दर सोमवारी. येतेच आहे की.”

काकांनी ठमीला मांडीवर घेतलं. “हीच राहू दे. पुढच्या सोमवारी पोहे करू की उपमा?”