खालच्या थरातला एक

"हे लिहिणाऱ्याला घाई झाली होती," प्राध्यापक म्हणाले आणि विस्कटलेली पानं पुन्हा पहिल्यापासून लावू लागले.

समोर मुलगी बसली होती. तीही बीजगणितच शिकवायची. एका उमेदवाराची सिद्धता आहे, तेवढी नजरेखालून घाला, असं म्हणून तिनं सकाळी पानं आणून दिली होती. नाव सांगितलं नव्हतं. निवृत्तीनंतर प्राध्यापकांना काळं कुत्रं विचारत नव्हतं, त्यामुळे ते हरखून कामाला लागले. पण चौथ्या पानावर काहीतरी खुपत होतं आणि हाती लागत नव्हतं. जिवाला चैन म्हणून नाही. नुसत्या येरझारा. दोनदा चहा मागवला, दोन्ही कप तसेच निवले. मधेच एकदा त्यांनी मुलीला, तू कधी आलीस, असंही विचारलं.

सिद्धता दिसायला देखणी होती. दोन गुंतागुंतीच्या रचना घेतल्या, दोन्हींचे थर सुटे केले, थराला थर जुळवला आणि रचना एकच आहेत असं ठोकून दिलं.

ते एकदम थांबले.

"हा एक कुठे गेला?"

"कुठला, बाबा?"

"इथे गुणाकाराचा क्रम उलटला की एक उरतो. तो खालच्या थरात पडतो. थर सुटे केले की दिसत नाही, म्हणून यानं तो धरलाच नाही. अगं, दोन घरांच्या खोल्यांची मापं जुळली म्हणून घरं एक होतात का? दारं कुठून कुठे उघडतात ते कोण बघणार?"

"दुरुस्त होईल?"

"नाही. पायाच कच्चा आहे."

"नक्की ना? या माणसाचं सगळं नाव यावर उभं आहे."

तिचे डोळे भरले होते. तेव्हा कुठे प्राध्यापकांच्या डोक्यात प्रकाश पडला. कसला उमेदवार आणि कसलं काय! पुढच्या आठवड्यात तिच्या बढतीची मुलाखत होती. चालेल म्हणावं, कुणाला कळणार आहे, असंही क्षणभर त्यांना वाटून गेलं. पण गणितात पोटच्या पोरीलाही सूट नसते, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"लिहिणाऱ्याला सांगून टाक," ते हळूच म्हणाले. "जड जाईल. पण अंधारात ठेवणं हा त्याचा अपमान आहे."

मग तिची समजूत काढायला त्यांनी भिंतीवरच्या पदकाकडे बोट केलं. "माझं प्रमेय आहे ना. त्याच्या आधारानं नव्यानं उभं कर. ते दगा देणार नाही."

तिनं मान हलवली, पानं गोळा केली आणि ती स्वयंपाकघरात गेली. आईनं तिसऱ्या चहाचं आधण ठेवलं होतं.

"तुझी शंका खरी निघाली?" आईनं विचारलं.

"हो. इतकी वर्षं जगात कुणाला सापडली नाही ती चूक. बाबांना सापडली."

"आणि हे स्वतःचंच प्रमेय आहे, ते ओळखलं त्यांनी?"

"नाही. माझं समजले."

आईनं गॅस बारीक केला.

"मग तुझंच राहू दे."