सत्तावीस चुण्या

“आणखी आत घ्यायचा?” लतिकानं किल्ट टेबलावर पसरला. “मार्चमध्येच तर घेतला होता.”

“हो. आणखी.” फ्राऊ योहानसेननी पर्समधून घडी घातलेला कागद काढून पुढे ठेवला. कंबर एकोणऐंशी, सीट नव्याण्णव.

लतिकानं कागद दोनदा वाचला. चार महिन्यांत कंबर नऊ सेंटिमीटर उतरली होती. हॅम्बर्गमधल्या या लहानशा शिलाईच्या दुकानात ती बारा वर्षं बसत होती. कुणाच्या घरात काय चाललंय ते तिला मापांवरून समजायचं.

किल्ट म्हणजे पुरुषांचा लोकरी, चौकड्यांचा घागराच. हा फ्राऊ योहानसेनांच्या नवऱ्याच्या, हेर योहानसेनांच्या, बंधुमंडळाचा होता. गडद निळा, शेवाळी हिरवा, मधून पांढरी बारीक रेघ. मंडळात घेतलेल्यालाच हा चौकडा मिळे. मागे सत्तावीस चुण्या. कापड कापायचं नाही, असा मंडळाचा नियम. एकेक चुणी उसवून केसभर आत घ्यायची, आणि तीही अशी की रेघ कुठे तुटता कामा नये.

“एकदा त्यांनाच ट्रायलला आणा ना,” लतिका म्हणाली.

“ते येऊ शकत नाहीत.”

“डॉक्टर काय म्हणतात?”

फ्राऊ योहानसेननी रेनकोटचं वरचं बटण उगाच चाचपलं. “नोव्हेंबर निघेल म्हणतात. शेवटच्या शनिवारी वार्षिक सभा असते. सगळे किल्ट घालून एका रांगेत उभे राहतात. तेवढं झालं म्हणजे झालं.”

“जेवण जातं का?”

“पातळ असलं तर.”

घरी पानं घेताना लतिकाच्या डोक्यात तेच होतं.

“अहो, तो माणूस काही राहत नाही हो,” ती उल्हासला म्हणाली. “कंबर पार गेलीय. सीट मात्र त्या मानानं उतरत नाही. अंगात पाणी धरलं असणार.”

“तू कपडे शिवतेस की एमआरआय काढतेस?”

“तुम्हाला थट्टा सुचतेय. ती बाई बघा, आजाऱ्याचं करून करून अर्धी झालीय. भर जुलैत रेनकोट घालून हिंडते.”

“मग हॅम्बर्गात जुलैमध्ये काय मलमलचा सदरा घालायचा?”

बोलून गेल्यावर उल्हासनं जीभ चावली. लतिका आमटी ढवळत राहिली.

दोन वर्षांपूर्वी मिरजेला तिचे बाबा अंथरुणाला खिळले होते. सगळे कपडे त्यांना ढगळ व्हायला लागले, म्हणून तिनं त्यांच्यासाठी मऊ मलमलचा सदरा शिवला. पोस्टानं पाठवायला मन होईना. स्वतःच्या हातानं घालणार होती. या आठवड्यात काम आहे, पुढच्या आठवड्यात जाते, असं करता करता ती पोचली तेव्हा बाबांना नेऊन एक दिवस झाला होता. सदरा पिशवीतून बाहेर निघालाच नाही.

“हा किल्ट वेळेवर जाणार,” ती म्हणाली. “बस्स.”

किल्ट घ्यायला आलेल्या फ्राऊ योहानसेनच्या हातात तिनं डबाही दिला. मुगाची पातळ खिचडी, तिखट न घालता. “त्यांना गरम करून द्या,” तिनं बजावलं.

ऑक्टोबरमध्ये डबा घासून-पुसून परत आला, आणि किल्टही.

“किती खाल्ली?”

“चार घास,” फ्राऊ योहानसेन म्हणाल्या. “पण मनापासून.”

लतिकाचा चेहरा उजळला. एरवी फ्राऊ योहानसेन उभ्या उभ्याच बोलायच्या. आज तिनं खुर्ची पुढे केली, तर त्या मुकाट्यानं बसल्या. कागदावरचे आकडे थरथरत काढल्यासारखे होते. कंबर सत्तर, सीट एक्क्याण्णव.

“हेर योहानसेनना सांगा, निर्धास्त राहा. सभेआधी तयार असेल.”

त्यांनी पर्स उघडली आणि तशीच परत मिटली. काही सांगायचं असावं, असं लतिकाला वाटलं.

“तुम्ही त्यांची फार विचारपूस करता,” त्या शेवटी म्हणाल्या. “आता कुणी करत नाही. बरं वाटतं.”

सभेच्या आधीच्या गुरुवारी किल्ट न्यायला येते, असं सांगून त्या गेल्या.

लतिकानं तीन आठवडे त्या चुण्यांवर काढले. बाकीची गिऱ्हाइकं कुरकुरली, पण तिनं लक्ष दिलं नाही. गुरुवारी किल्ट इस्त्री करून, कागदात गुंडाळून तयार होता. कुणी आलं नाही. शुक्रवारीही नाही. फोन नुसता वाजत राहिला.

आजाऱ्याला सोडून बाई निघणार कशी, असं म्हणत शनिवारी तिनं दुकान बंद ठेवलं. किल्टच्या अस्तरावर मंडळाचा पत्ता शिवलेला होता. यू-बान, म्हणजे भुयारी रेल्वे, पकडून ती बंदराजवळच्या त्या हॉलवर गेली. शेवटची दहा मिनिटं तर ती पावसातून जवळजवळ पळालीच.

आत पंचवीस-तीस पुरुष रांगेत उभे राहत होते. सगळ्यांच्या अंगावर तोच निळा-हिरवा चौकडा. मधे एक जागा मोकळी ठेवलेली. ती बघून लतिकाला हायसं वाटलं. दाराशी एक वृद्ध सभासद होता. तिनं किल्ट त्याच्या हातात दिला.

“हेर योहानसेनसाठी,” तिला धाप लागली होती. “त्यांच्या अगदी मापाचा केलाय. उशीर नाही ना झाला?”

वृद्धानं कागद उघडला. आतल्या चुण्यांवरून हात फिरवला. मग तिच्याकडे पाहिलं.

“हाइनरला जाऊन सहा वर्षं झाली,” तो म्हणाला. “रांगेतली त्याची जागा रिकामी राहू नये म्हणून दर वर्षी हा किल्ट घालून त्याची बायको उभी राहायची. परवा पहाटे तीही गेली.”