दोन चेहऱ्यांचं नाणं

नाणं बदलायला त्याला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. प्राचार्यबाईंनी पुढे केलेलं नाणं त्याने उलटसुलट करून पाहिलं, "ठीक आहे" म्हणाला आणि परत दिलं. परत दिलं ते दुसरंच. खरं नाणं तोवर कोटाच्या बाहीत शिरलं होतं.

त्याच्याआधी ते नाणं बसचालकाने तपासलं होतं. बिचाऱ्याने चष्मा पुसून दोन्ही बाजू पाहिल्या, पण पाहतानाच ओशाळला. तपासणं म्हणजे बाईंवर संशय घेणं, असं त्याला वाटलं असावं.

संगीत विद्यालयात एकच जागा उरली होती आणि दोन मुलींना सारखे गुण पडले होते. एक बसचालकाची, एक याची. दोघी व्हायोलिन वाजवायच्या. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी दोघींनाही दार बंद. अशा वेळी नाणं उडवायचं, हा तिथला जुना नियम. तेही साधंसुधं नाणं नव्हे. ज्या संगीतकाराच्या नावाने विद्यालय चालायचं, त्याच्या जन्मशताब्दीला निघालेलं नाणं. एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याच्या सुरावटीची पहिली ओळ. वयाने मोठी असेल तिने बाजू मागायची. याची लेक दोन महिन्यांनी मोठी होती.

आता याचा धंदा कोणता? जादूगारांसाठी फसवी नाणी बनवायचा. पोकळ नाणी, दुमडणारी नाणी, एकाच्या पोटात दुसरं बसणारी नाणी. हात लावीन ते नाणं खोटं करीन, असा कारागीर. गुण सारखे पडल्याचं कळलं, तसा तो बाजारातून तीच स्मारक नाणी घेऊन आला. दोन नाणी लेथवर धरून जाडीत निम्मी निम्मी कापली, सुरावटीच्या बाजू उडवून टाकल्या आणि दोन्ही चेहरे बाहेर ठेवून जोडली. सांधा भिंगातूनही दिसला नसता. आयुष्यात इतकं सुबक काम त्याच्या हातून झालं नव्हतं, आणि हे कुणाला दाखवायची सोय नव्हती.

सकाळी बूट घालताना तो लेकीला सहज म्हणावं तसं म्हणाला होता, "चेहराच माग हं, चिऊ."

"मी नेहमी चेहराच मागते की," ती हसून म्हणाली होती.

खोलीत कुजबुज चालली होती. बसचालकाची मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. तिच्याकडे पाहायचं नाही, हे त्याने घरूनच ठरवलं होतं. सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून प्राचार्यबाईंनी नाण्याची कड टेबलाच्या काचेवर दोनदा आपटली.

ठक, ठक.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. खरं नाणं खणकतं. जोडलेलं नाणं कितीही सुबक असलं तरी ठकठकतं, आणि त्यावर कुठल्याच कारागिराकडे उपाय नाही. खोलीत हा फरक कळणारी माणसं दोनच. लेक लहान असताना कारखान्यात त्याच्याकडे पाठ करून बसायची. तो एकेक नाणं फरशीवर टाकायचा आणि ती ओरडायची, "खरं! खोटं! खोटं!" कधी चुकली नाही. हिचा कान मीच तयार केला, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला छाती फुगवून सांगायचा.

लेकीने मान वर केली. नाण्याकडे पाहिलंच नाही, त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. तेवढ्यात तिला सगळं कळलं.

"सांग बाळ," प्राचार्यबाई म्हणाल्या, "चेहरा की सूर?"

तिने चेहरा म्हणावं, असं त्याला जिवाच्या आकांताने वाटत होतं. आणि ती खरंच तसं म्हणाली, तर पुन्हा तिच्याकडे वर मान करून कसं पाहायचं, हेही त्याला कळत नव्हतं.

"सूर," ती म्हणाली.

नाणं उडालं, बाईंच्या तळहातावर पडलं. चेहरा. दुसरं काय पडणार होतं?

बसचालकाची मुलगी रडायलाच लागली. बसचालक उठला आणि आपल्या मुलीकडे जायच्या आधी याच्याकडे आला. त्याने याचे दोन्ही हात हातात घेतले. "वाईट वाटून घेऊ नका, दादा. तुमची मुलगी कुठेच कमी नाही. नाणं काय कुणाच्या हातात असतं?"

बाहीतलं नाणं घसरून मनगटाला टेकलं. बसचालक हात सोडेना. याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी चेहऱ्यावर समजूतदार बापाचं हसू आणून तो मान डोलावत राहिला. ते हसू त्याला जन्मभर पुरेल इतकं कडू लागलं.

बाहेर जिन्यात लेक थांबली. तिने हात पुढे केला. त्याने मुकाट्याने खरं नाणं तिच्या हातावर ठेवलं. तिने ते पालथं केलं, कोरलेल्या ओळीवरून बोट फिरवलं आणि पुन्हा त्याच्या हातात दिलं.

"तिचा प्रवेश पक्का झाला, की हे परत करा. गुपचूप ठेवून येऊ नका. बाईंच्या हातात द्या आणि काय केलंत ते सांगा."

"चिऊ, तुझ्यासाठीच केलं गं मी."

"माहीत आहे." तिने व्हायोलिनची पेटी खांद्याला लावली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"पण खऱ्या नाण्याने मला निम्मी तरी संधी दिली असती, बाबा."