नमुन्याची कौलं

सावळाराम नदीवरून आंघोळ करून आला, तेव्हा बनाआत्या अंगणात बसून त्याची कौलं विळ्याने खरवडत होती.

गोणपाट सोडलेलं होतं. खरवडून झालेली कौलं भिंतीला टेकवून उन्हात ठेवली होती, लालबुंद, आत्ताच भट्टीतून काढल्यासारखी. आत्याच्या पायाशी चुन्याच्या कपच्या आणि नखाएवढे करडे पापुद्रे पडले होते. कोंबड्या त्यांवर तुटून पडल्या होत्या.

ते पापुद्रे म्हणजे कालवांची, खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्यांची, पिल्लं होती. चुना फासलेली कौलं बाणकोटच्या खाडीत बुडवून सावळारामने ती त्यांवर वाढवली होती. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून, वरंधा घाट चढून, तो ती पुण्याच्या साहेबांना दाखवायला नेत होता. जिवंत पोहोचली, तर पुढे अशीच पिल्लं दुसऱ्या खाड्यांत नेऊन लावायची होती. आणि सावळारामची नोकरी कायम व्हायची होती.

वाटेत रात्रीपुरता तो आत्याकडे हिर्डोशीला उतरला होता; तिथे हे कुणाला ठाऊक नव्हतं. काल संध्याकाळी ओट्यावर कोंडिबा पाटलांनी विचारलं होतं, "काय नेताय रावसाहेब, एवढं जपून?" बी.एस्सी. झालेला माणूस चिखलात उतरून कालवं पाळतो, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही. "नमुन्याची कौलं," तो म्हणाला होता.

"आलास व्हय?" आत्या म्हणाली. "अरं, सायबापुढं असली मळकी कौलं नेणार व्हतास? वासबी लई मारत व्हता. म्हंलं, सावळ्या न्हाऊन येईस्तवर लख्ख करून ठेवावी."

"कोकणातली कौलं एवढी मळकी," ओट्यावरून पाटील म्हणाले, "तर माणसं कशी असतील?"

एकच कौल राहिलं होतं. आत्याने ते मांडीवर ओढलं. ते अजून ओलं होतं. वरची पिल्लं घट्ट मिटून बसली होती. सावळारामने ती कितीदा भिंगाखाली धरली होती. पातळ शिंपल्याआड इवलंसं हृदय हलताना दिसायचं. एवढं एक कौल पोहोचलं असतं, तरी भागलं असतं.

"आत्या," तो म्हणाला.

"काय रं?"

पाटलांनी मान वर केली.

"काय न्हाई."

आत्याने विळा टेकवला आणि लगेच हात झटकला. अंगठ्यातून रक्त येत होतं.

"तुज्या चुन्याला धार लई, बाबा. मगाधरनं कापतंय." तिने अंगठा तोंडात घातला, लुगड्याला पुसला आणि विळा पुन्हा उचलला.

"दे हिकडं," सावळाराम म्हणाला. "म्या करतो."

तो उकिडवा बसला. पहिला पापुद्रा सुटताना पात्याखाली थेंबभर पाणी आलं. पुढचे भराभर निघाले. कोंबड्या आत्याला सोडून त्याच्या पायांपाशी सरकल्या.

पाटील कौतुकाने बघत होते.

"बघ बनाबाई," ते म्हणाले, "एवढा शिकला, पण कामाची लाज न्हाई."